पाच ते सहा, फोन बंद

जालन्याच्या कार्यालयात आम्हा तालुक्याच्या बातमीदारांची बैठक लावली होती आणि त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटं आली. तिथंच मी ओळखायला पाहिजे होतं. बावीस वर्षांत त्या कार्यालयानं आम्हाला कधी धड पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. जिल्ह्याचे प्रमुख नवीन आले होते. वय तिशीचं, शर्ट खोचलेला, बोलणं एकदम स्वच्छ. ते म्हणाले, "एक तारखेपासून फॅक्स बंद. बातमी आणि फोटो, दोन्ही ई-मेलनं. मोबाइलवरून पाठवा नाहीतर कॅफेतून, मला फरक पडत नाही. संध्याकाळी सहाच्या आत इथं आलं पाहिजे. ज्यांना महिनाभरात जमणार नाही, त्यांचा तालुका शेजारच्या बातमीदाराला जोडून टाकू." मग माझ्याकडं वळून, "काका, तुमचं कसं काय?"

मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होतो. सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसून सांगायचं कोणाला? पण परतीच्या गाडीत वाटेवरचं टेंभुर्णी येईपर्यंत मी बोटांवर दिवस मोजत होतो. शेजारचा बातमीदार म्हणजे भोकरदनचा. त्याच्याकडं कॅमेरावाला फोन आधीच होता आणि बैठकीत तो फोन टेबलावर ठेवूनच बसला होता.

आमचं जाफराबादेत हायस्कुलासमोर वह्या-पेनांचं दुकान होतं. ते बायको सांभाळायची. गावात मला दुकानदार म्हणून कोणी ओळखत नव्हतं. मी बातमीदार होतो. तहसीलीत गेलो की खुर्ची पुढं यायची, ठाण्यात गेलो की चहा यायचा. खेड्यात गेलो तर लोक बाज टाकायचे आणि आपलं गाऱ्हाणं सुरू करायचे. ती जागा गेली की मी वह्या विकणारा माणूस, तोही बायकोच्या हाताखाली. हे मी कोणापुढं बोललो नाही, पण रात्रंदिवस मला तेवढंच दिसत होतं.

मी सुरुवात केली तेव्हा बातमी एसटीनं जायची. दुपारच्या जालना गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात पाकीट द्यायचं, तो ते स्टँडवरच्या आमच्या पेटीत टाकायचा. ड्रायव्हर रजेवर गेला की तालुक्यात दोन दिवस काही घडलेलंच नसायचं. नंतर फोनवरून ओरडून बातमी सांगायचे दिवस आले, मग फॅक्स आला. प्रत्येक वेळी मी शिकलो आणि कुठं अडलो नाही. म्हणून मला वाटलं, हेही जमेल.

पण बातमी पाठवणं हा आमच्या धंद्याचा अर्धाच भाग. बातमी आपल्याकडं येणं, हा दुसरा आणि खरा. त्यासाठी मी एक युक्ती काढली होती आणि तिचा मला फार गर्व होता. मोबाइल घेतल्या घेतल्या मी गावोगावच्या पिठाच्या गिरण्यांमध्ये भिंतीवर माझा नंबर कोळशानं लिहून ठेवला. दळण घेऊन सगळं गाव गिरणीत येतं. फोन असलेली माणसं हळूहळू वाढत होती, पण बोलायला कोणी फोन करत नव्हतं, मिसकॉल द्यायचे. मी त्या मिसकॉलांची भाषाच ठरवून दिली. एक मिसकॉल म्हणजे सवडीनं फोन करा. लागोपाठ दोन म्हणजे आजच्या आज या. तीन म्हणजे असाल तसे निघा, नाहीतर ज्याला हलवायचं त्याला हलवा. तालुक्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा ही भाषा शिकलं होतं.

पूर्णेकाठच्या एका गावात एक गिरणीवाला होता. माझ्याच वयाचा, पिठानं भुवया पांढऱ्या झालेला, बोलायला कमी. त्याच्यासारखा माणूस मला तालुक्यात दुसरा नव्हता. ग्रामसेवक किती दिवस आला नाही, शाळेची खिचडी कधी बंद झाली, सगळं त्याच्याकडून यायचं. त्याची अडचण एकच होती. गिरणी सुरू असली की त्याला फोनमधली रिंग ऐकू यायची नाही आणि लाइट आली की गिरणी सोडून बाहेर यायची सोय नव्हती, कारण लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता. मग मीच त्याला शिकवलं. "नंबर दाबा, मनात सातपर्यंत मोजा आणि कापा. कानाला लावायची गरजच नाही. सात म्हणता म्हणता इकडं एक रिंग वाजतेच."

"बराबर सात?" त्यानं विचारलं होतं.

"बराबर सात."

एकदा त्याची भावजय बाळंतपणात अडली. तीन मिसकॉल आले. मी लगेच आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर काय छापून येईल हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. वीस मिनिटांत गाडी गिरणीपुढं उभी. आठ दिवसांनी तो पेढे घेऊन आला आणि पेढ्याचा पुडा दुकानातल्या गल्ल्यावर ठेवून माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, भाऊचा फोन म्हंजे आमच्या गावचा सायरन हाये." मी आठवडाभर फुगून फिरत होतो.

बैठकीनंतर दोन दिवसांनी मी हँडसेट घ्यायला जालन्याला निघालो, तेव्हा बायको म्हणाली, "नवा घ्या, पण जुना फोन देऊन टाकू नका बरं का. दुकानात माझ्याजवळ ठिवा. तुम्ही त्या मेलाच्या नादात असले, तर इकडं आलेला फोन मी तरी उचलीन."

"उचलून काय करशील? तुला बातमीतलं काय कळतं?"

हे मी म्हणालो. ती दहावी झालेली होती. रोज सकाळी माझ्याआधी पेपर वाचून माझ्याच बातमीतल्या चुका पेनानं गोल करून ठेवायची. त्यामुळं तसं म्हणायला मला जास्तच बरं वाटलं असणार.

जालन्यात मोबाइलचं एक मोठं दुकान होतं. मालक मारवाडी, तीन पिढ्या जालन्यातल्या, मराठी आमच्यासारखीच. मी त्याला म्हणालो, "शेठ, मला बोलायचा फोन नको. मला बातमी पाठवायचा फोन पाहिजे." त्या काळात फोनवर मराठी लिहिता येत नव्हतं. म्हणून आमच्यासारख्यांनी एकच रस्ता धरला होता: बातमी कागदावर हातानं लिहायची, कागदाचा फोटो काढायचा आणि तो फोटो मेलनं पाठवायचा. तिकडं जालन्यात कोणीतरी तो वाचून टाइप करणार. म्हणजे फोनची परीक्षा एकच, माझं अक्षर त्यात वाचता आलं पाहिजे.

मी पिशवीतून आदल्या दिवशीच्या बातमीचा कागद काढला, काउंटरवर पसरला आणि एकेका फोननं त्याचा फोटो काढायला लागलो. गिऱ्हाइकं गोळा झाली. पहिल्या फोनमध्ये कागद म्हणजे मुंग्या लागलेली साखर दिसत होती. दुसऱ्यात "अध्यक्षपदी" वाचता येत होतं, पण अध्यक्षपदी कोण, ते नाही. जवळून काढावा तर धूसर, लांबून काढावा तर बारीक. अर्धा पाऊण तास मी कागद खाली-वर, उजेडात-सावलीत करत होतो. शेठनं शेवटी कपाटातून एक फोन काढला. "याच्यात जास्त मेगापिक्सेल हाये, भाऊसाहेब. पण जरा वरचा माल हाये." त्या फोनमध्ये माझी सहीसुद्धा वाचता आली. अर्ध्या अर्ध्या कागदाचे दोन फोटो काढले तर शब्द न् शब्द.

"आणि इंटरनेट?"

"तुमचं सिम टाकून बघा ना. चालेल काय, पळेल."

माझं सिम स्टँडवाल्या कंपनीचं. जाफराबादेत आम्ही कंपन्यांना त्यांच्या टॉवरवरून ओळखायचो, एक स्टँडवाली, दुसरी तहसीलवाली. शेठच्या माणसानं काहीतरी बटणं दाबली, कंपनीकडून सेटिंगचा मेसेज आला, आणि मी तिथूनच कार्यालयाला कागदाचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत प्रमुखांचा फोन. "काका, आला की! वाचताही येतंय." दुकानातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या भरात शेठ म्हणाला, जुना हँडसेट देऊन टाका, तेवढाच हातभार. मी दिला. बायकोचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं, म्हणूनच जल्दी देऊन टाकला.

संध्याकाळी जाफराबादेत उतरलो, घरी आलो, बायकोसमोर कागदाचा फोटो काढला आणि पाठवा म्हणून बटण दाबलं. "कनेक्शन फेल्ड." परत दाबलं. परत तेच. फोनच्या दांड्या पूर्ण, बोलणं खणखणीत, पण फोटो जायला तयार नाही.

पुढचे दहा-बारा दिवस मी माणसात नव्हतो. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावायचा, मराठीसाठी एक दाबा, हे दाबा, ते दाबा, मग गाणं ऐका. एक मुलगी गोड आवाजात सांगायची, "सर, हँडसेट बंद करून सुरू करा." मी दिवसातून चाळीस वेळा बंद करून सुरू करत होतो. सेटिंग परत मागवायची, ती यायची, काही बदलायचं नाही. शेवटी एक तारीख उलटल्यावर एका प्रामाणिक माणसानं सांगितलं, "सर, तुमच्या गावच्या टॉवरवर डेटाची सोय अजून आलेली नाही. जालना शहरात आहे." मी विचारलं, कधी येणार? तो म्हणाला, तसं सांगता येणार नाही.

गावात एक कॅफे होता. त्यात दोन कॉम्प्युटर, बारा तासांचं लोडशेडिंग आणि रस्त्याच्या खोदकामात तुटलेली फोनची केबल. दुपारी एक वाजता कागदाचे फोटो काढून मी बसनं जालन्याच्या दिशेनं जायचो. कुठं डेटा लागतो ते बघत, एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातानं बटण दाबत. जालना जवळ आलं की बातमी जायची. मग उतरून परतीची गाडी. घरी यायला रात्र. ज्या दिवशी जालन्याला गेलो त्या दिवशी तालुक्यात काय घडलं हे मलाच माहीत नसायचं. ज्या दिवशी गेलो नाही त्या दिवशी प्रमुखांचा फोन, "काका, तुमच्या तालुक्यातून आज पण काही नाही." आणि एका सकाळी आमच्या बाजार समितीची बातमी पेपरात आली, खाली "भोकरदन प्रतिनिधी". बायकोनं त्या दिवशी पेपर माझ्यापुढं ठेवला नाही, मुद्दाम घडी करून वह्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवला. मी तो काढून वाचला. मला रडू येत होतं. बाप्या माणसानं फोनपायी रडावं, याची लाजही वाटत होती.

तहसीलवाल्या कंपनीचा डेटा लागतो का, हे विचारायचं तरी कोणाला? ज्याला विचारावं तो म्हणे, "आमचा फोन चांगला लागतो." शेवटी तहसीलीतल्या एका ओळखीच्या कारकुनाला हात जोडले, त्याचं सिम दहा मिनिटं मागून घेतलं, माझ्या हँडसेटमध्ये टाकलं. सेटिंग आली. फोटो जायला लागला, ती पट्टी इवली इवली पुढं सरकत होती आणि मी तहसीलीच्या पायरीवर श्वास रोखून बसलो होतो. गेला. दोन्ही फोटो गेले. मी त्या कारकुनाला मिठी मारली. तो बिचारा घाबरला.

म्हणजे कंपनी सापडली. पण कंपनी बदलायची तर तेव्हा नंबरही बदलायचा. आणि नंबर? तो तर साठ-सत्तर गिरण्यांच्या भिंतींवर होता. तो सोडला तर बातमी पाठवायला फोन मिळाला आणि पाठवायला बातमीच नाही, असं होणार. मी दोन रात्री विचार केला आणि मधला रस्ता काढला. तहसीलवाल्या कंपनीचं नवं सिम घेतलं. दिवसभर जुनं सिम फोनमध्ये राहील. पाच वाजता झाकण उघडायचं, बॅटरी काढायची, नवं सिम टाकायचं, बातम्या पाठवायच्या, सहाला परत जुनं. एका तासाचाच तर प्रश्न.

बायको म्हणाली, "त्या तासात कोणी फोन केला तर?"

"परत करतील. लोकांना पाचनंतर काय एवढं काम असतं?"

"एखादा जुना-पाना हँडसेट पाहून घ्या, अजूनही सांगते. माझ्याजवळ राहू द्या."

"एकाच फोनला चार्ज करायला लाइट पुरेना, तू दुसरा कुठं घेऊन बसलीस?"

ती गप्प झाली. ती गप्प झाली की आपण जिंकलो असं मी समजायचो.

युक्ती चालली. महिनाभर माझ्या बातम्या वेळेत गेल्या. भोकरदन प्रतिनिधी आमच्या तालुक्यातून नाहीसा झाला. प्रमुख एकदा म्हणाले, "काका, तुमचे फोटो भोकरदनपेक्षा चांगले येतात." मला वाटलं, चला, तरलो. अधूनमधून कोणी भेटलं की म्हणायचं, संध्याकाळी तुमचा फोन बंद लागतो. मी म्हणायचो, हां, तेवढा एक तास. सगळ्यांना सांगत फिरायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं की एवढ्या मोठ्या बातमीदाराचा फोन असा उघडझाप करून चालतो.

भाद्रपदातला दिवस होता. त्या संध्याकाळी मला एका संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फोटो पाठवायचा होता. शाल, नारळ, मागं बारा माणसं. जाहिरात देणारे अध्यक्ष, त्यामुळं फोटो गेलाच पाहिजे. पाचला सिम बदललं. फोटो अर्ध्यावर जाऊन अडकला. परत पाठवला, परत अडकला. मी घामाघूम होऊन दुकानापुढं येरझाऱ्या घालत होतो. सव्वासहाला गेला एकदाचा. मी जुनं सिम टाकलं. फोनवर काही नव्हतं, एकही मिसकॉल नाही. बंद असलेल्या फोनवर दिलेला मिसकॉल कुठंच उमटत नाही, हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी ते आठवायच्या मनःस्थितीत नव्हतो, चहा पीत होतो.

साडेसातच्या सुमाराला फोन वाजला. गिरणीवाल्याचा नंबर. मी नेहमीसारखी रिंग तुटायची वाट पाहिली, पण ती तुटेना. वाजतच राहिली. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा माझा फोन उचलला जाईपर्यंत वाजू दिला होता.

"भाऊ," तो म्हणाला, "ती गेली."

त्याची बायको. सकाळी मी मोटारसायकलनं गेलो. पावसानं रस्त्याचा चिखल झालेला. गिरणीपुढं माणसं बसलेली होती, तो भिंतीला टेकून. भुवयांवर पीठ तसंच. मी जवळ बसलो. त्यानंच सांगायला सुरुवात केली, हळूहळू, एखादा हिशेब समजावून द्यावा तसं.

"सव्वापाचला गवऱ्या काढाया गेल्ती मागं. ढिगात साप व्हता. पायाला चावला. मी गिरणी चालू ठिऊनच तुमाला मिसकॉल टाकला. बराबर सात मोजले, कापला. परत सात मोजले. परत. तीन टाकले, भाऊ."

मी मान खाली घातली.

"मंग वाट पाहून राह्यलो. मागल्या टायमाला वीस मिन्टात गाडी आल्ती ना. ट्रॅक्टरवाला दारात हुबा व्हता. त्यो म्हने चला. मीच म्हनलं, थांब जरा, भाऊला कळवलंय, गाडी येतच आसंल. चिखलातून ट्रॅक्टरचे हादरे बसतेन तिला. ती बी म्हने, थांबा, गाडी यील. पाऊन तास थांबलो."

पाऊण तासानंतर त्यांनी तिला ट्रॅक्टरमध्येच घातलं. आरोग्य केंद्राला कुलूप होतं, डॉक्टर क्वार्टरमध्ये नव्हते. तिथून जीप शोधून भोकरदनच्या रस्त्याला लागले आणि रस्त्यातच ती गेली.

रिंग वाजतेय की नाही, हे त्यानं ऐकलंच नव्हतं. कानाला लावला असता तर आतल्या बाईनं सांगितलं असतं, हा नंबर बंद आहे. पण कानाला लावायची गरज नाही, हे त्याला मी शिकवलं होतं. आणि मला फोन लागला असता तर डॉक्टर जिथं असतील तिथून मी त्यांना हलवलं असतं. ती वाचली असती का? माहीत नाही. पाऊण तास वाया गेला नसता एवढं नक्की.

त्यानं विचारलं, "तुमाला मिसकॉल आले न्हाईत का, भाऊ?"

मी काय बोलायला पाहिजे होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हणालो, "नेटवर्कचा काही भरोसा नाही हो."

"हां," तो म्हणाला. "नेटवर्कच." मग म्हणाला, "छापा, भाऊ. दवाखान्याला कुलूप व्हतं, ते छापा. बिलकुल छापा."

मी कुलपाचा फोटो काढला. घरी येऊन बातमी लिहिली. कागद दोनदा बदलला, अक्षर वाचता यायला पाहिजे ना. पाच वाजता सिम बदललं आणि बातमी पाठवली. अजिबात न अडकता गेली. प्रमुखांचा लगेच फोन आला, त्याच नव्या नंबरावर. "काका, जबरदस्त. पहिल्या पानावर घेतोय, तुमच्या नावानं. कुलपाचा फोटो काय क्लिअर आलाय! आता तुमच्या तालुक्याची मला काळजी नाही."

दुसऱ्या दिवशी बातमी आली. पहिलं पान, चार कॉलम, खाली माझं नाव. सकाळी नऊपर्यंत माझ्या दुकानात पाच माणसं येऊन गेली, शाबास म्हणून. पुढं डॉक्टरांची चौकशी लागली, बदली झाली. कुलूप खरं होतं, त्यांनी खोटं काही भोगलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो.

माणसं गेल्यावर बायकोनं पेपर हातात घेतला. नेहमीसारखा पेन घेऊन. बातमी तिनं दोनदा वाचली. मी वह्या लावत होतो, पण माझं सगळं लक्ष तिच्याकडं. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "नातेवाइकांनी वारंवार संपर्क साधूनही त्यांना गाडी मिळाली नाही."

"बरोबर आहे की," मी म्हणालो.

"संपर्क कोणाशी साधल्ता?"

मी वह्यांचा गठ्ठा उचलून दुसऱ्या फळीवर ठेवला. ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. मग पेनाला टोपण लावलं, पेपरची घडी केली आणि शाळा भरायची वेळ झाली म्हणून काउंटरवर पेन्सिली मांडायला लागली. चूक तिनं गोल केली नाही.

त्या दिवशी तालुक्यातून तीन बातम्या होत्या. पाच वाजता मी झाकण उघडून बॅटरी काढली, जुनं सिम अत्तराच्या रिकाम्या डबीत ठेवलं, नवं टाकलं. तिन्ही एका दमात गेल्या.